वाटेकडं पाठ

बबिताला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधी पाहून घेऊ. कारण पन्नाशी गाठलेली बाई रविवारी सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, शाळेच्या हॉलमधली फरशी स्वतः पुसून तिच्यावर अनवाणी उभी राहते ती काही उगाच नाही. चेन्नईतल्या एका नृत्यसंस्थेच्या संग्रहातल्या थंड खोलीत तिच्या नावाचं कार्ड लागणार होतं. शिरूर कासारला तिच्या सासरी इतकी वर्षं जे 'नाचणं' होतं ते एका दिवसात 'नृत्य' होणार होतं, आणि ज्या जावेनं लग्नाच्या पेटीतली तिची घुंगरं काढून गोठ्यातल्या कालवडीच्या गळ्यात बांधली होती, तिला आता मोबाईलवर फोटो पाठवता येणार होता. शाळेचे हेडमास्तर निदान आठवडाभर तिला 'अहो क्लार्कबाई' अशी हाक मारताना जरा अडखळणार होते. एवढं सगळं बबितानं स्वतःशी मोजून ठेवलं होतं, आणि कुणी खोदून विचारलं असतं तर लाजत लाजत कबूलही केलं असतं. एकच गोष्ट तिनं सगळ्यांच्या तळाशी दडपून ठेवली होती. तिची आई साखराबाई, जिनं एकोणचाळीस वर्षांत तिच्या नाचाकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं, ती आज खुर्चीत बसून तो अथपासून इतिपर्यंत पाहणार होती, आणि पाहून झाल्यावर काहीतरी बोलणार होती. काय बोलेल, हे मनात आणायचंही धाडस बबिताला झालं नव्हतं. आणि गमवायचं काय, तर तिच्या हिशेबानं फार तर उजवा गुडघा.

हे सुरू झालं ते दोन महिन्यांपूर्वी, एका शिक्क्यापासून. बीडच्या त्या शाळेत नवरा क्लार्क होता. कोरोनात तो गेल्यावर त्याच्या जागेवर ती अनुकंपेवर लागली, त्याचीच खुर्ची, त्याचंच स्टॅम्पपॅड. दुपारी पोरांच्या बोनाफाईडवर ती शिक्के मारत होती आणि मोबाईल वाजला. पलीकडून पुण्याच्या वळणाचा, नीटनेटका बायकी आवाज म्हणाला, "बबिताताई का? तुम्ही अभयांबाळ यांच्या शिष्या ना?" शिक्का उलटा पडला. एवढंच झालं, बाहेर रिक्षा होत्या तशाच होत्या, फळ्यावर पाचवी 'ब' मोठ्यानं पाढे म्हणत होती. पण ते नाव दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून तिला सदतीस वर्षं झाली होती. ती स्वतः ते म्हणायची, नुसते ओठ हलवून, भाकरी थापताना, गिरणीच्या रांगेत, नवऱ्याच्या तेराव्याला पाटावर बसलेली असतानासुद्धा. आणि इतकी वर्षं आवाज न लावता म्हटल्यामुळं तिला आताशा शंका यायला लागली होती की अशी कुणी बाई खरंच होती, की आपणच एका लांबलचक दुपारी तिला रचली. "हॅलो? ताई, आहात ना?" बबिता "हाय, हाय," म्हणाली, आणि तेवढ्यात समोरून हेडमास्तर म्हणाले, "बाई, पाय कावून हालवायल्या? टेबल हालायलंय सगळं." तिनं खाली पाहिलं. चपलेतून बाहेर पडून दोन्ही पाय आपले आपण थाप देत होते, उजवा, डावा, उजवा, डावा, मधला एक ठोका सोडून, जसा अम्मा सोडायला लावायच्या तसा.

अम्मा म्हणजे या अभयांबाळ, माजलगावच्या धरणाला दरवाजे बसवणाऱ्या कंपनीच्या फोरमनची बायको. तंजावरकडची. कॉलनीतल्या बायका तिला 'मद्रासीण' म्हणायच्या आणि तिच्या घरच्या भाताला हसायच्या, पण हसत हसत वाटीभर रसम घेऊन जायच्या. साखराबाई तिच्याकडे भांडी घासायची. बबिताच्या बापाची, म्हाळूची, मेंढरं दिवाळीनंतर वाटेला लागायची ती मृगाच्या तोंडावर परतायची. तेवढे महिने साखराबाईनं सासू, लेक आणि रांगता मुलगा बजरंग यांना या भांड्यांवर जगवायचं असं ठरलेलं होतं. आईच्या मागं मागं गेलेली बबिता दाराशी बसून राहायची. आत इंजिनियरांच्या पाच-सहा पोरी नाच शिकायच्या: अम्मा जमिनीवर मांडी घालून बसायच्या, पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात काठी, आणि त्या काठीच्या ठोक्यावर पोरींनी गुडघे बाजूला वाकवून, अर्धं बसून, पाय आपटायचे. पोरी दोन महिन्यांत कंटाळल्या. दारातल्या पोरीचे पाय मात्र हलत होते. एका भांडेवालीच्या लेकीला शिकवून अम्मांना काय मिळणार होतं, याची बबितानं पुढं पुष्कळदा आकडेमोड केली आणि दरवेळी उत्तर शून्य आलं. अम्मांनी कारण सांगितलं होतं खरं, भाजीवाल्यांकडून शिकलेल्या आपल्या मराठीत, 'ब'चा 'प' करत: "पबिता, एक पाट्टू, गाणं, हाय माझ्या आजीचं. मराठी. लई जुनं, राजाच्या दरबारातलं. आजीला अर्थ न्हाई माहीत, मला पण न्हाई माहीत. तुझी भाषा. तू शिक." तंजावरला मराठी राजे होते आणि त्यांनी मराठीत नाचाची गाणी रचली होती, हे बबिताला चाळीस वर्षांनी त्या फोनवरच्या स्वप्नालीमॅडमनी सांगितलं. तेव्हा तिला एवढंच वाटलं की ही परकी बाई आपल्या भाषेतलं गाणं देवाच्या तीर्थासारखं ओंजळीत घेऊन बसली आहे, आणि ते कुणाच्या ओंजळीत घालावं हे तिला कळत नाही. गाण्यातली अर्धी मराठी बबितालाही कळली नव्हती. तिनं ठणकावून अर्थ सांगितला. अम्मांनी तो तमिळमध्ये लिहून घेतला. नऊ वर्षांची पोर आणि चाळिशीची बाई, दोघीही एकमेकींवर पूर्ण विश्वास ठेवून चुकत होत्या.

गाणं एवढंच होतं: संध्याकाळ झाली आहे, तो आलेला नाही, आणि ती सखीला म्हणते आहे की येईल. ते 'येईल तो गे' पुन्हा पुन्हा यायचं, आणि दरवेळी हात कपाळाशी आडवा धरून वाटेकडं पाहायचं, आठ ठोके डावीकडं, आठ उजवीकडं, आणि मग आठ अगदी समोर, डोळ्यांची पापणी न हलवता. आजीनं हे असंच केलेलं होतं, आजीच्या आजीनं असंच. अम्मांच्या घरात एक कडक शिस्त होती: बोटाचं एक पेरसुद्धा बदलायचं नाही. "आजीनं दिलं तसं द्यायचं. आपण पोष्टमन हाय," अम्मा म्हणायच्या, "पोष्टमननं पत्र उघडायचं न्हाई." आणि साखराबाईच्या घरात दुसरी एक शिस्त होती, तितकीच कडक. माणूस मेंढरांमागं गेलेलं असलं की बाईनं दारात उभं राहून वाटेकडं पाहायचं नाही. पाहिलं की माणूस वाटेतच अडकतं. म्हणून परतीचे दिवस आले की साखराबाई संध्याकाळी अंगणात वाटेकडं पाठ करून बसायची, मांडीवर सुपात ज्वारी, बोटं खडे वेचतायत, मान किंचित कलती, एक कान मागं. सासू शेजारी बाजेवर बसून सुनेची पाठ राखायची. या दोन शिस्ती एकाच पोरीच्या अंगात सुखानं राहत होत्या. एक अम्मांच्या ओसरीवर, एक आपल्या अंगणात. मधे अर्ध्या मैलाचा रस्ता होता, म्हणून निभत होतं.

अकरा वर्षांची असताना, एका ज्येष्ठातल्या संध्याकाळी, बबिता तो अर्धा मैल विसरली. अंगणात ती 'येईल तो गे' घोकत होती आणि घोकता घोकता हात कपाळाशी गेला. आठ डावीकडं. आठ उजवीकडं. समोरच्या आठांपैकी पाचव्याला साखराबाई घरातून धावत आली आणि पोरीच्या कानशिलात थप्पड बसली. इतकी जोरात, की तो पाचवा ठोका बबिताला आजही कानात ऐकू येतो, पुढचे तीन येत नाहीत. चौथ्या दिवशी माणसं आली. तेलगावच्या रस्त्यावर भल्या पहाटे ट्रकनं मेंढरं चिरडली होती आणि मेंढरांच्या मधे म्हाळू होता. बायका रडल्या, सासूनं छाती पिटली. साखराबाई रडली नाही. तिनं एकदा फक्त बबिताच्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोलली काहीच नाही, त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, नंतर कधीच नाही. ती बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, पांढऱ्या पायाची म्हणाली असती, तर बबिताला निदान भांडता तरी आलं असतं. न बोललेल्या गोष्टीशी कसं भांडायचं? ती पोर तो हात पाठीमागं लपवून झोपायला शिकली. उजव्या हातानं ती जेवायची, लिहायची, पुढं स्वयंपाक केला, मंगळसूत्राची वाटी सावरली. पण उन्हातसुद्धा तो कपाळाशी कधी गेला नाही. डोळ्यांवर तिरीप आली की ती मान खाली घालायची. शिरूरला सासू म्हणायची, सून खालमानेची हाय. एवढं एक कौतुक तिला सासरी मिळालं, ते असं.

तेरावा झाल्यावर ती अम्मांकडं गेली. घरात बसवत नव्हतं म्हणून गेली. अम्मा मयताला येऊन गेल्या होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. ठोकळा पुढं ओढला आणि काठी घेतली. गाणं त्या जागी आलं. हात वर गेला नाही. अम्मांनी पुन्हा तीच ओळ धरली. पुन्हा नाही. काठी वाजत राहिली, आठ, आठ, आठ, आणि पोर गुडघे वाकवून तशीच उभी. "कावून, पबिता?" मग तिनं जे केलं ते तिनं ठरवून केलं नाही; ती वळली, अम्मांकडं पाठ केली आणि खाली बसली, जशी आई बसायची तशी, मांडीवर नसलेलं सूप घेतलं, बोटांनी नसलेले खडे वेचले, मान कलती केली, एक कान मागं. आणि पाय, बसल्या जागी, नुसत्या टाचेनं, हळू, ते चोवीस ठोके मोजत राहिला. काठी थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच, गाण्याच्या मधे, काठी थांबली. बबिताला वाटलं, आता ही पण मारणार. तिच्या पाठीला ते आधीच लागायला लागलं होतं. मागून अम्मांचा आवाज आला: "असंच. आजपासनं असंच." त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे तू कुठून आणलंस. पाच पिढ्यांची पोस्टमन, आणि तिनं पत्र उघडून आतला कागद बदलला.

दोन वर्षांनी दरवाजे बसले, कंपनी हलली, अम्मा गेल्या. दोन पोस्टकार्डं आली. सोळाव्या वर्षी बबिताचं लग्न झालं आणि मग पुढची अठ्ठावीस वर्षं, नवरा बीडला बदलून येईतो, तंजावरच्या दरबारातलं ते गाणं शिरूर कासारमध्ये कुठं राहिलं, हे सांगितलं तर चेन्नईच्या कपाटांना खरं वाटणार नाही. ते ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांत राहिलं. दसरा-दिवाळी झाली की गल्लीच्या गल्ली रिकाम्या व्हायच्या; बायका जाताना किल्ली बबिताकडं द्यायच्या, "तेवढा दिवा लावत जा गं देवापुढं." खालमानेची सून, भरवशाची. तिच्या कमरेला एकेका हंगामात सात-सात किल्ल्या असायच्या. ती संध्याकाळी दिवा लावायला जायची, आतून कडी घालायची, आणि दुसऱ्याच्या रिकाम्या घरात, शेणानं सारवलेल्या थंड भुईवर, घुंगरांवाचून, काठीवाचून, गुडघे वाकवायची. वच्छलाबाईच्या घरात पायांचा अभ्यास, कारण भुई घट्ट. भामाबाईच्या घरात मुद्रा, कारण तिथं आरसा होता. आणि पाठ करून बसायचं ते कुठंही, कारण ते करताना काहीच दिसायची गरज नव्हती. फाल्गुनात बायका परतल्या की म्हणायच्या, घर कसं लख्ख ठेवलंस गं, भुई पाक झिजवलीस झाडून झाडून.

तर असा हा माल, आणि तो चेन्नईच्या संस्थेसाठी कॅमेऱ्यात घ्यायला रविवारी सकाळी स्वप्नाली आली. चौतिशीची, बारीक, चष्म्याच्या काड्या केसांत खोचलेल्या. कॅमेरा, दिवे, तिपाई सगळं एकटीनं उचलून आणलं. ती वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. सात वर्षं ती तंजावरच्या मराठी नृत्यरचनांच्या मागं होती. अम्मांच्या निधनानंतर त्यांच्या भाचीनं रद्दीत काढलेली वही तिनं मिळवली, ती वाचण्यासाठी तमिळ शिकली, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेल्या 'पबिता, माजलगाव' या दोन शब्दांवरून शाळा-शाळांत फोन करत इथवर पोचली. साखराबाईला बजरंगनं आपल्या पिकअपमधून आणून सोडलं. तोही आता मेंढरं राखत नव्हता, भाजी वाहत होता. "आक्का," तो दारातूनच म्हणाला, "गुडघा मोडला तर म्या बाजारात जायलोय बरं का, फोन लावू नकोस. माय, आवाज करू नको, तुझा बी फोटू यील." साखराबाई म्हणाली, "जा बे, लई शाना." आणि दाराजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून.

बबिता नाचली. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही; गुडघा दोनदा चुकला, श्वास तीनदा. पण ती पाठ करून बसली तेव्हा हॉलमधला पंखासुद्धा कुणीतरी दटावल्यासारखा वाटला. चोवीस ठोके. उठून वळली तेव्हा स्वप्नाली चष्मा पुसत होती. साखराबाईचा चेहरा पदराच्या सावलीत होता.

मग मुलाखत. स्वप्नालीनं आधी वहीच्या त्या पानाची छायाप्रत दाखवली. अम्मांचं बारीक गोल अक्षर, आणि समासात एक शब्द, दोनदा अधोरेखित. "इथं बघा, पाठमोऱ्या बैठकीपुढं अम्मांनी लिहिलंय, 'पाट्टी'. म्हणजे आजी. वहीत बाकी कुठल्याच हालचालीपुढं त्यांनी कुणाचं नाव दिलेलं नाही, फक्त इथं. ताई, नायिकेनं प्रेक्षकांकडं पाठ करणं हे कुठल्याच दुसऱ्या घराण्यात नाही. माझं पुस्तक यावर उभं आहे. तुम्ही फक्त सांगायचं, अम्मांनी कुणाकडून आलं म्हणून सांगितलं." लाल दिवा लागला. बबितानं त्या समासातल्या शब्दाकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. आणि जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं, "आजीचं न्हाई ते, मॅडम. ते माझ्या मायचं हाय." आणि बांध फुटल्यासारखं सगळं: अंगण, हात, थप्पड, तेलगावचा रस्ता, अम्मांची थांबलेली काठी. मधेच कधीतरी लाल दिवा विझला होता. तिच्या ते नंतर लक्षात आलं.

स्वप्नाली बराच वेळ तिपाईच्या स्क्रूशी चाळा करत राहिली. मग शेजारी येऊन बसली. "ताई, मी हे कॅमेऱ्यावर घेत नाही. अजून नाही. तुम्ही ऐकून घ्या. पुस्तकाचं सोडा, ते मी निस्तरीन. पण संस्थेनं वही घेतली ती अखंड परंपरा म्हणून. हे अम्मांनी पंच्याऐंशी साली बदललं, आणि वर आजीच्या नावावर लिहिलं, असं नोंदवलं, तर समिती म्हणेल, मग बाकीच्या वहीवर तरी विश्वास का ठेवायचा? वही भाचीकडं परत जाईल. भाचीनं ती एकदा रद्दीत काढलेलीच आहे." तिनं छायाप्रत बबिताच्या पुढ्यात सरकवली. "तुम्ही म्हणाल ते मी लिहीन. खोटं मागत नाही मी. पण अम्मांचं नाव राहायचं की नाही, ते आता तुमच्या हातात आहे."

"कशापायी येवढं बोलायलीस, बबे," दाराकडून आवाज आला. दोघी वळल्या. साखराबाईनं पदर मागं केला होता. "म्या बगत व्हते."

"काय बगत व्हतीस, माय?"

"वाट. आनिक काय. रोजच बगत व्हते. पाठ करून बसायचे ती तुझ्या आज्जीपायी, सासू व्हती न्हवं उशाला. चुलीम्हागं कुडाला भोक पाडलं व्हतं म्या, बोटायेवढं. भाकर तव्यावर टाकायची, अन् बगायची. त्या दिशी बी तितंच व्हते. अन् तू अंगनात हात लावून हुबी. मला वाटलं, हिनं बगितलं मला, अन् माझंच करून दावायली सासूला. म्हून हानलं."

बबितानं विचारलं ते एखाद्या लहान मुलीसारखं विचारलं. "मग सांगितलं कावून न्हाईस? येकुनचाळीस साल, माय."

साखराबाईनं खुर्चीच्या हातावरची धूळ बोटानं पुसली, बोट पाहिलं, लुगड्याला पुसलं. "तुज्यावर व्हतं तवर माज्यावर न्हवतं," ती म्हणाली. मग, "ल्हान व्हतीस. म्हनलं, इसरशील."

बाहेर मैदानात कुणीतरी पोरं क्रिकेट खेळत होती. बबिता फरशीवरच बसून राहिली. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर अंगावरून डोंगर उतरल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. उलट एकोणचाळीस वर्षं ज्या जागेवर पाय रोवून ती उभी होती ती जागाच कुणीतरी सहज काढून घेतली होती. त्या सात किल्ल्यांच्या घरांतून ती जी पाठ जपत आली, ती पाठ कधी कुणी केलीच नव्हती. जी केली ती सासूला दाखवायला. आणि ते खरं धरावं तर अम्मांनी पाच पिढ्यांची नजर मोडली ती कशासाठी? तिनं पुन्हा ती छायाप्रत उचलली. पाट्टी. दोनदा अधोरेखित. बाकी कुठल्याच हालचालीला नाव नाही आणि फक्त इथं. आणि तेव्हा, पन्नासाव्या वर्षी, तिला ते अक्षर वाचता आलं, तमिळ येत नसताना. अम्मांना खोटं लिहायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी ते इतक्या जोरानं लिहिलं होतं. पुढं कधीतरी, कुणीतरी शहाणं माणूस येईल, विचारील, ही पाठ कुठून आली? तेव्हा एका पोरीला उत्तर द्यायला लागू नये, म्हणून त्यांनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. मेलेल्या आजीच्या नावावर, जिच्याशी त्या हयातभर खरं वागल्या होत्या.

"मॅडम," बबिता म्हणाली, "लावा तुमचा दिवा."

"ताई, नीट विचार—"

"लावा."

लाल दिवा लागला. स्वप्नालीनं प्रश्न पुन्हा विचारला. बबितानं पदर सावरला आणि कार्यालयात अर्ज वाचून दाखवावा तशा शुद्ध मराठीत सांगितलं, "पाठमोरी बैठक अम्मांना त्यांच्या आजीकडून मिळाली. त्यांनी आम्हाला तशीच शिकवली. त्यात कधीही काही बदल झालेला नाही."

खुर्चीतून साखराबाईनं ऐकलं. ती म्हणाली, "च्या हाय का कुटं?"

आता ज्याचं त्यानं काय भरलं ते सांगून टाकू. स्वप्नालीचं पुस्तक जसंच्या तसं छापून निघेल. दोन-चार वर्षं ते पान आलं की ती डोळे दुसरीकडं वळवील, एवढंच तिच्यावर पडलं. साखराबाईनं मनातलं होतं ते ओतून टाकलं आणि चहा घेतला. ज्या पोरीवर तिनं ते इतकी वर्षं ठेवलं होतं तिनंच ते उचलून भलत्या बाईच्या नावावर केलं, त्यामुळं तिला तेवढंही भरावं लागलं नाही. म्हाळूनं जे भरायचं ते एका पहाटे भरलं होतं, आणि तो यात कुठंच आला नाही. तंजावरच्या म्हातारीला, अम्मांच्या आजीला, नावापुढं एक पाठ मिळाली जी तिची नव्हती, आणि तिची जी खरी होती, कपाळाशी हात धरून पापणी न हलवता समोर पाहायची आठ ठोक्यांची नजर, ती कायमची गेली. ती आता एकट्या बबिताला ठाऊक होती, आणि बबितानंच तर सांगितलं होतं की अशी काही नव्हती. अम्मांनी एका मुक्या पोरीसाठी आजी दिली होती. बबितानं अम्मांसाठी आई दिली, बाप दिला, आणि उभ्या आयुष्यात स्वतः केलेलं एकुलतं एक काम दिलं. कॅमेरा बंद झाल्यावर ती सगळ्यांसाठी चहा आणायला गेली.